हरभऱ्याएवढा शेंदूर

या, असे पुढे सरकून बसा. पखवाजाला कणीक लावून होईपर्यंत घटकाभर वेळ आहे, तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. पुराणातली नाही, ह्याच मांडवातली आहे. पन्नास वर्षं पोटात ठेवली. कीर्तनं ऐकण्यात माझा जन्म गेला, चांगल्या चांगल्या बुवांच्या तोंडून पापपुण्याचे निवाडे ऐकले, पण ह्या गोष्टीचा निवाडा मला अजून लागलेला नाही. तुम्हांला लागला तर मला सांगा.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची चैत्रातली दुपार. आपल्या सायाळवाडीच्या सप्ताहाचा सहावा दिवस. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, आणि वीणा माझ्या गळ्यात.

तुम्हांला ठाऊकच आहे, सप्ताह बसला की वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. ह्याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात जाते. ज्याच्या गळ्यात असेल त्यानं उभंच राहायचं, तोंडानं नाम घ्यायचं, दुसरा शब्द काढायचा नाही, आणि पुढचा माणूस येऊन वीणा घेईपर्यंत जागा सोडायची नाही. साप निघाला तरी नाही, असं माझे वडील म्हणत. बारा ते दोन ही पाळी कुणाला नको असायची, कारण पंगती नुकत्याच उठलेल्या असतात आणि डोळ्यांवर वरणभाताची झापड असते. मी सगळ्यांत तरणा म्हणून ती कायम माझ्या वाट्याला.

मांडवात कुत्रंसुद्धा नव्हतं. माणसं चिंचेखाली उपरणी तोंडावर घेऊन आडवी झालेली. समोर पिंपळाच्या पाराशी मारुतीचं लहानसं देऊळ, ते माझ्या उभ्या जागेवरून सरळ दिसायचं. तिथं सरूबाई आली.

सरूबाई म्हणजे रंगनाथ शिंप्याची बायको, आमची भिंतीला भिंत. तिनं इकडंतिकडं पाहिलं, चपला काढल्या, नमस्कार केला. मग आत वाकून मारुतीच्या पायापाशी नखानं शेंदूर खरवडायला लागली. मी बघतच राहिलो. बायका मारुतीला हात लावत नाहीत आमच्याकडे. पायरीवरून हात जोडतात आणि जातात. सरूबाई तर चार माणसांत डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई. तिनं पिंपळाच्या पानावर शेंदूर घेतला, पान दुमडलं, मागं वळली, आणि माझी तिची नजरानजर झाली.

ती जागीच थबकली. मग चार पावलं पुढं येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊ, कौसाला लावायचाय. नजर लागलीय लेकराला."

मला बोलायची मुभा नव्हती. मी नाम घेता घेता मान हलवली. मनात म्हटलं, आईचं काळीज, त्यापुढं विटाळ कसला अन् रीत कसली. पाठमोरी सरूबाई भराभरा घराकडं गेली, आणि मी वीणेची तार छेडत उभा राहिलो. ती मान मी का हलवली, हे आज पन्नास वर्षं स्वतःला विचारतो आहे.

आता कौसा कोण ते सांगायला हवं. तुम्ही तिला कौसल्याबाई म्हणून ओळखता. कॅसेटींवर, मोबाइलवर तिचा तो जाड, खोल आवाज तुम्ही ऐकलेला आहे. पण तिचा पहिला आवाज तुम्ही ऐकला नाही. तो ऐकलेले आम्ही आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलो.

ती सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. काल्याचं कीर्तन रंगात आलेलं. आमचे गायक होते भानुदासबुवा. तीस वर्षं सप्ताहाची गाणी त्यांच्या गळ्यावर चालत. गौळणीच्या उंच जागी बुवांना ठसका लागला. सूर तुटला म्हणेतो बायकांच्या बाजूनं एका पोरीनं तो वरच्यावर झेलला आणि धरून ठेवला. पखवाजी वाजवायचा थांबला. बुवांनी ठसका आवरला, बायकांतून त्या पोरीला बोलावलं, आणि ती कुणाला दिसेना म्हणून धान्याची पायली पालथी घालून तिच्यावर उभं केलं. म्हणाले, "गा ग कोकिळे, मी मागं आहे."

तेव्हापासून बुवा खरंच मागं गेले. तीन वर्षं त्यांनीच तिला शिकवलं. चाली सांगितल्या, श्वास कुठं घ्यायचा ते सांगितलं, रोज चार खडे खडीसाखर आणि एक लवंग स्वतःच्या हातानं दिली. नवव्या वर्षी कौसा गावोगाव जायला लागली. भिंतींवर कागद लागायचे, बालगायिका कुमारी कौसल्या. पांढऱ्या मिशांची माणसं तिच्या पायावर डोकं ठेवायची, कारण गाणाऱ्याचं वय बघायचं नसतं. रंगनाथनं शिलाई मशीन फडक्यात गुंडाळून ठेवली आणि पोरीच्या मागं हिंडायला लागला. माणूस वाईट नव्हता तो. देवानं आपल्या घराला काहीतरी दिलंय आणि ते वाटत फिरायचं, एवढंच त्याच्या डोक्यात.

बुवा टाळ घेऊन मागच्या रांगेत उभे राहायचे. पंगतीत कुणीतरी हटकून म्हणायचं, बुवा, पोरीनं तुम्हांला चांगलं पेन्शनीत काढलं. बुवा हसायचे आणि वाढप्याला भात मागायचे.

त्या वर्षी कौसा बारा वर्षांची झाली होती. वर्षातले आठ महिने बाहेर. सप्ताहासाठी म्हणून आठ दिवस गावात आली, तर भिंतीपलीकडून मला तिचं पहाटेचं खोकणं ऐकू यायचं. एकदा न्हाणीच्या कडेला ती थुंकली आणि त्यात रक्ताची तार दिसली. सरूबाईनं रंगनाथला बोलावून दाखवली. ते बोलणं मी अंगणातून ऐकलं. सरूबाई म्हणत होती, एक वर्ष तिला घरी राहू द्या, शाळेत नाव घाला, गळा बरा झाला की न्या पुन्हा. रंगनाथ म्हणत होता, देवानं दिलेला गळा देवच सांभाळील, आपण मधी पडणारे कोण. काला झाला की दुसऱ्या पहाटे खानदेशात निघायचं ठरलेलं होतं. तिथून वऱ्हाड. दिवाळीपर्यंत रोज एक नवं गाव. रंगनाथनं गावोगावच्या मंडळींना शब्द दिले होते, आणि शब्द म्हणजे त्याच्या दृष्टीनं देवाला वाहिलेलं फूल.

म्हणजे त्या दुपारी सरूबाईच्या हातात एकच दिवस उरला होता. हे मला ठाऊक होतं. तरी मी तिच्या हातातल्या पानाचा विचार केला नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला भजनाला मांडव भरला. कौसा परकर-पोलक्यात, कपाळाला बुक्का, पुढं उभी. मागच्या रांगेत भानुदासबुवा, त्यांच्या शेजारी टाळ घेऊन मी. तिच्या कपाळाकडं माझं लक्ष गेलं. बुक्का होता, शेंदूर कुठं दिसला नाही. वाटलं, पुसला असेल.

पहिलं चरण नीट निघालं. दुसऱ्याला आवाज असा फाटला, की जुनेराचं धडपं कुणी टरकावलं म्हणावं. कौसा थांबली, गळ्याला हात लावला, पुन्हा तोंड उघडलं. नुसता वारा आला. तिनं वळून बुवांकडं पाहिलं. बुवा टाळ थांबवून म्हणाले, पाणी पी बाळा. तेवढ्यात ती पोट धरून वाकली आणि सतरंजीवर ओकली.

ओकारी तांबडी-केशरी होती.

शंभर-दीडशे माणूस बघत होतं. सप्ताहाचे पुढारी व्यंकटराव पुढं झाले, खाली बसले, त्या ओकारीला बोट लावून वास घेतला आणि म्हणाले, "शेंदूर आहे."

गाणाऱ्याच्या पोटात शेंदूर गेला की आवाज कायमचा जातो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. वैऱ्यानं विड्यातून शेंदूर घातला आणि अमक्या गावचा गवई मुका झाला, अशा गोष्टी सगळ्यांनी आजीकडून ऐकलेल्या. त्यामुळं पोरीला काय होतंय हे विचारायच्या आधी मांडवभर एकच कुजबूज उठली, की कुणी घातला.

सरूबाई खांबाला धरून उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं. तिचं तोंड उघडं राहिलं होतं. आवाज जाईल एवढंच तिला ठाऊक असावं. लेकरू असं पिळवटून जमिनीवर पडेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मग ती धावली, पोरीला उराशी धरलं, आणि असा टाहो फोडला की दावणीची जनावरं उठून उभी राहिली. बैलगाडी जुंपली. रंगनाथ, सरूबाई आणि मधे गोधडीत कौसा, तालुक्याच्या दवाखान्याकडं गेले.

मी गाडीमागं नदीपर्यंत चालत गेलो. सरूबाईनं एकदाही मान वर केली नाही.

सकाळी निरोप आला. पोटातलं सगळं काढलं, पोर जगेल, पण गळ्यातून शब्द निघत नाही. डॉक्टर म्हणाले होते, शेंदूर हे विषच, पण गळ्याला आतून गाठी आधीच धरल्यात; आवाज विषानं गेला की गाण्यानं, हे मला सांगता येणार नाही. वर्षभर हिला गाऊ तर नकाच देऊ, बोलूसुद्धा देऊ नका.

डॉक्टरांचं अर्धं वाक्य गावानं ऐकलंच नाही. काल्याच्या आधी व्यंकटरावांनी मंडळी बसवली. विचार करायला फार वेळ लागला नाही. पोरीला रोज स्वतःच्या हातानं कोण काय देतं? भानुदासबुवा खडीसाखर देतात. तिच्यामुळं कोण मागं पडलं? भानुदासबुवा. काल पेन्शनचा विनोद करणारेच आज सगळ्यांत पुढं बसले होते.

बुवा मांडवाच्या मधोमध उभे होते. साठीचा माणूस, धोतर नीट नेसलेलं, गळ्यात तुळशीची माळ. व्यंकटराव म्हणाले, "बुवा, वीणेवर हात ठेवा आन सांगा. तुमच्या तोंडून ऐकू द्या गावाला."

वीणेवर हात ठेवून खोटं बोलणारा माणूस आमच्या गावानं पाहिलेला नव्हता. बुवा नाही म्हणतील, गाव मान खाली घालील आणि पुढचं मी बोलेन, असं मी बसल्या बसल्या ठरवलं होतं. पण नाव घेऊ की नको घेऊ, ह्यावर माझी जीभ अडत होती. तरी मी उठलो, "मी काय म्हणतो" एवढं म्हणालोही. बुवांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मग वीणेकऱ्यापाशी जाऊन वीणेवर उजवा हात ठेवला.

"म्या दिला," ते म्हणाले. "खडीसाखरेसंगं दिला."

ज्या डोळ्यांनी मारुतीचा शेंदूर खरवडणारा हात पाहिला, त्याच डोळ्यांनी आता हा वीणेवरचा हात पाहत होतो. कानांत घों घों सुरू झालं. कुणीतरी बुवांच्या मुस्काटात मारली. कुणी मारली ते मला आजही सांगता येणार नाही. कुणी म्हणालं, असल्याच्या गळ्यात माळ कशी राहती. माळ तोडायला हात पुढं झाले, तेव्हा बुवांनीच ती डोक्यावरून काढली, कपाळाला लावली आणि वीणेकऱ्याच्या पायाशी ठेवली. टाळ ठेवले. कपाळाचा बुक्का उपरण्यानं पुसला. मांडवाबाहेर पडताना कुणीही त्यांना रामकृष्णहरी घातला नाही. मीही नाही.

काला झाला, पण त्या दिवशी गौळण कुणी म्हटली नाही. लाह्यांचा प्रसाद माझ्या हातात तसाच राहिला.

दुपारी दुधना नदीच्या उतारावर मला बुवा सापडले. पाण्यात पाय सोडून बसले होते, शेजारी वळकटी. मी जवळ जाऊन बसलो.

"बुवा, तुम्ही खोटं बोललात. वीणेवर हात ठेवून."

"काल दुपारी वीणा तुझ्याच गळ्यात होती ना?"

मी मान हलवली.

"मग तू पाहिलंस. सरूबाई मारुतीपाशी आलती का?"

"तुम्हांला कसं ठाऊक?"

त्यांनी पाण्यातला एक पाय वर घेतला, उपरण्यानं हळूहळू पुसला. "कामून की म्याच सांगितलं व्हतं तिला. कुठला घ्यायचा, किती घ्यायचा, अन् कशातून द्यायचा."

मी जरा लांब सरकून बसलो.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी बुवा विहिरीवर धोतर पिळत होते. सरूबाई घागर घेऊन आली, बराच वेळ रहाटापाशी घुटमळली, आणि मान खाली घालून विचारलं, की शेंदरानं आवाज जातो म्हणतात ते खरं आहे का. आणि जात असला, तरी जिवाला काही होत नाही ना. कौसाचं नाव तिनं घेतलं नाही. बुवांनीही विचारलं नाही.

"म्या म्हनलं, खरं हाय. हरभऱ्याएवढा पुरतो. लाडवात घातला तर चव लागत नाही. जिवाला धक्का नाही." ते थांबले. "तवा मला वाटलं, बाईमाणूस हाय, इचारून जाईल. नाही, तुझ्यापाशी कशाला खोटं बोलू. मला वाटलं, करील तर करील. सांगताना जीभ गोड झालती माझी, अंबादास."

ह्याच माणसानं पायली पालथी घालून तिला उभं केलं होतं.

"पोरगी गायली की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं," बुवा म्हणाले. "लोकांना वाटायचं, गुरूला आनंद झाला. मलाबी तसंच वाटायचं. विहिरीवर कळलं, त्यात दुसरंबी काही व्हतं. आता सांग, वीणेवर हात ठेवून म्या खोटं बोललो का?"



मी म्हटलं, निदान अर्धं तरी खरं गावाला सांगू. तिनं घातला, तुम्ही नुसतं सांगितलं. त्यावर ते पहिल्यांदा चिडले. म्हणाले, त्या बाईला गाव ठेवणार नाही, रंगनाथ घरात घेणार नाही, आणि ते लेकरू? त्याला जन्मभर काय सांगत बसशील, तुझ्या मायनं तुला विष घातलं म्हणून? मला माय नाही, बायको नाही, लेकरू नाही. माझ्या नावावर राहू दे.

"अन् दुसरं," ते उठता उठता म्हणाले, "वीणा गळ्यात असताना दिसलेलं बोलायचं नसतं."

अशी काही रीत नाही. त्यांनी ती माझ्यासाठी तिथल्या तिथं केली. वळकटी खांद्याला मारून ते नदी उतरून गेले, ते पुन्हा सायाळवाडीत आले नाहीत.

कौसा नऊ दिवसांनी घरी आली. खानदेश राहिला, वऱ्हाड राहिला. रंगनाथ महिनाभर भिंतीकडं तोंड करून निजला, मग एके सकाळी त्यानं मशीनवरचं फडकं काढलं. कौसा पाटी घेऊन शाळेत जायला लागली. वर्षभर खुणेनं बोलायची. सरूबाई तिला दूध-तूप द्यायची, वेणी घालायची, पोरगी झोपली की तिच्याकडं बघत बसायची. तिला हवं होतं ते मिळालं होतं. पण मारुतीच्या पारासमोरून ती पुन्हा कधी गेली नाही. पाण्याला जायची ती मागून, काट्याकुट्यातून. आमच्या दोघांत त्या दुपारचा शब्द कधी निघाला नाही. समोरासमोर आलो की ती पदर पुढं ओढायची आणि मी उगीच आकाशाकडं बघायचो.

पंधराव्या वर्षी कौसा स्वतःहून पुन्हा उभी राहिली. आवाज बदललेला, जाड, आतून येणारा. लोक आधी हळहळले, मग त्याच आवाजाच्या मागं लागले. ह्या वेळी किती गावं घ्यायची, कुठं थांबायचं, हे तीच ठरवायची आणि रंगनाथ मुकाट्यानं मान डोलवायचा. पुढचं तुम्ही जाणताच.

भानुदासबुवांची हकीकत कानावर यायची. बहिणीच्या गावी राहतात, दुसऱ्यांची गुरं वळतात. आजूबाजूच्या गावांत कीर्तन असलं की येतात, पण आत कुणी घेत नाही म्हणून मांडवाबाहेर, चपला असतात तिथं बसून ऐकतात. बारा वर्षं ते तसे बसले. त्यांच्या तिरडीबरोबर भजन नव्हतं. मला उशिरा कळलं. लवकर कळलं असतं तरी मी गेलो असतो का, कुणास ठाऊक.

खूप वर्षांनी सरूबाई गेली. दहावा झाला आणि कौसल्याबाई माझ्या ओसरीवर आल्या. केस पांढरे झालेले, सोबत कुणी नाही. मला वाटलं, आता हिला सांगायला हवं. आई गेली, बुवा गेले, मी एकटा हे ओझं वर नेऊन काय करू? मी विहिरीपासून सुरुवात केली. दोन वाक्यं बोललो असेन, तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"मामा, मला माहीत आहे."

मला वाटलं, सरूबाईनं मरताना सांगितलं असेल. मी तसं म्हटलं.

"मायनं काही सांगितलं नाही. लाडू मी फोडला होता, मामा. आत तांबडं दिसलं. माय चुलीकडं तोंड करून बसली होती, पाठ हलत होती तिची." ती एवढं शांतपणे बोलत होती, की मला पुढचं ऐकूच नये असं वाटलं. "शेंदूर काय करतो, मला माहीत होतं. बुवांनीच पहिल्या वर्षी सांगितलं होतं, परक्याच्या हातचा विडा खाऊ नको म्हणून. मी दोन्ही अर्धे जोडले आणि लाडू खाल्ला. मला थांबायचं होतं. अण्णा बाप होते माझे, त्यांना नाही म्हणता येत नव्हतं मला."

म्हणजे आईनं घातला, गुरूनं सुचवला, मी मान हलवली, आणि जिच्यासाठी आम्ही तोंडं शिवून बसलो तिला लाडवातलं पहिल्या घासापासून ठाऊक.

"दवाखान्यातून आले तेव्हा कळलं, बुवांनी स्वतःचं नाव घेतलं," ती म्हणाली. "मला वर्षभर बोलायची बंदी होती. ती माझ्या पथ्यावर पडली. मग बंदी सुटली. तरी मी बोलले नाही. बोलले असते तर मायचं नाव आलं असतं."

"बुवांना भेटलीस कधी?"

तिनं गुडघ्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "एकदा. मी एकोणीस वर्षांची होते. कीर्तन संपवून मांडवाबाहेर आले, तर चपलांपाशी ते. उठले, आणि वाकून माझ्या पायावर डोकं ठेवलं. गाणाऱ्याच्या ठेवतात तसं. मी त्यांच्या पाया पडायचं होतं, मामा. चारशे माणूस बघत होतं. मी उभीच राहिले. ते उठले, बाजूला झाले. मी गाडीत बसले."

ती उठून गेली तेव्हा ऊन ओसरीवरून उतरलं होतं.

परवा तिचा निरोप आला. मामा, आता सांगून टाका, म्हणाली. माझ्या नावासकट सांगा, पुढच्या वर्षी गावात मी स्वतः सांगेन, पण माझा काय भरवसा. म्हणून तुम्हांला जवळ बोलावलं.

आता पखवाज तयार झालेला दिसतो, तुम्ही उठाल. उठण्याआधी एवढं करा. भानुदास लक्ष्मण कोरडे, राहणार सायाळवाडी. नाव नीट ऐकून ठेवा, कारण गावात ते कुठं लिहिलेलं नाही. त्यांना संत करू नका, ते संत नव्हते. एकदा विहिरीवर वाईट बोलले, आणि ते बोलणं बारा वर्षं चपलांपाशी बसून फेडलं. आज गौळण म्हणताना मनातल्या मनात का होईना, त्यांना आत बोलवा, आणि पुढच्या रांगेत जागा द्या.